डीसेक : बदलत्या पत्त्याच्या घरगुती संगणकावर स्वतःचे डोमेन चालवताना

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून झाला त्याला आता बरीच वर्षे लोटली. त्यासाठी वडिलांनी जमवलेले कागद, म्हणजे मोडीतील पत्रव्यवहार, वतनाच्या सनदांच्या नकला, जुने सातबारा उतारे, लग्नपत्रिका आणि काही छायाचित्रे, मात्र ट्रंकेतच पडून होते. ते मी स्कॅन करू लागलो आणि पाहता पाहता दोन टेराबाइटची डिस्क निम्म्याहून अधिक भरली, कारण मोडीचे अक्षर नीट वाचता यावे म्हणून प्रत्येक पानाची प्रतिमा मोठी ठेवावी लागते. एवढी जागा भाड्याच्या सर्व्हरवर दरमहा पैसे मोजून घेण्यापेक्षा, कागद ज्या साताऱ्याच्या घरात आहेत त्याच घरातील संगणकावर त्यांच्या प्रतिमा ठेवाव्यात, त्या संगणकाला घराण्याच्या आडनावाचे डोमेन द्यावे आणि पुण्या-बडोद्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेल्या भाऊबंदांनी त्या तेथूनच पाहाव्यात, असे मी ठरवले. या कामासाठी गेले नऊ महिने, त्यात एक संपूर्ण पावसाळा आला, मी डीसेक ही डीएनएस सेवा, म्हणजे डोमेनच्या नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा, वापरत आहे. तिच्याविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

मुख्य अडचण अशी की घरगुती जोडणीला पुरवठादार कायमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ती जोडणी ओळखण्याचा क्रमांक, देत नाही. वीज गेली, केबल तुटली, राऊटर पुन्हा सुरू केला किंवा नुसती दिलेल्या पत्त्याची मुदत संपली तरी नवा पत्ता मिळतो. डोमेनची नोंद मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते, आणि त्या पत्त्यावर आता दुसऱ्याच कुणाचा तरी राऊटर बसलेला असतो. यावरचा उपाय म्हणजे डायनॅमिक डीएनएस. घरातील संगणकाने आपला पत्ता बदलल्याचे ओळखून नेमसर्व्हरला, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरला, लगेच कळवायचे आणि नेमसर्व्हरने नोंद बदलून टाकायची. डीएनएसच्या नोंदी अशा दूरवरून बदलण्याची प्रमाण पद्धत १९९७ साली आरएफसी २१३६ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात मांडली गेली. घरगुती वापरात मात्र त्याहून सोपी रीत रूढ झाली. एका ठरावीक वेब पत्त्यावर नाव आणि गुप्त शब्द पाठवायचा, की काम झाले. डीसेकही हीच रीत वापरते.

डीसेक ही बर्लिनमधील नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे. ती आपले डोमेन आपल्या नेमसर्व्हरवर विनामूल्य ठेवून घेते, प्रत्येक डोमेनच्या नोंदींवर डीएनएसएसईसीची, म्हणजे उत्तर खरे आहे हे तपासू देणारी, स्वाक्षरी आपोआप करते आणि तिची सारी आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली आहे. खर्च देणग्यांवर आणि पाठीराख्यांच्या मदतीवर चालतो. जाहिरात नाही, आणि पैसे भरले तरच उघडेल असे कुलूप कोणत्याही सुविधेवर नाही. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन नाही त्यांना ती स्वतःच्या डेडिन डॉट आयओ या नावाखाली एक उपनावही देते, पण माझा सल्ला आहे की दीर्घकाळ चालवायचे असेल तर उपनावावर विसंबू नये आणि वर्षाला काही शे रुपये खर्चून स्वतःचे डोमेनच घ्यावे.

हा आग्रह का, ते सांगायला हवे. उसन्या उपनावाचा मालक आपण नसतो, त्या नावाखाली आपण पोटभाडेकरू असतो. या क्षेत्रात अनेक वर्षे अग्रेसर असलेल्या डायन या अमेरिकन कंपनीने मे २०१४ मध्ये आपली मोफत सेवा बंद केली, तेव्हा त्या नावांवर उभे असलेले असंख्य घरगुती सर्व्हर, कॅमेरे आणि छोटी संकेतस्थळे यांना एक तर पैसे भरावे लागले किंवा नाव बदलावे लागले. पुढच्याच महिन्यात, ३० जून २०१४ रोजी, मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने नो-आयपी या सेवेची २२ डोमेन आपल्या ताब्यात घेतली. हेतू त्या नावांच्या आडून उपद्रवी प्रोग्रॅम पसरवणाऱ्यांना रोखण्याचा होता, परंतु त्याच डोमेनांखाली राहणाऱ्या लाखो निरपराध वापरकर्त्यांची नावेही त्या दिवसांत चालेनाशी झाली. काही दिवसांत डोमेन परत मिळाली हे खरे, पण कागदपत्रांचा संग्रह ज्या नावावर उभा करायचा ते नाव तिसऱ्याच्या भांडणात बंद पडू शकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. स्वतःचे डोमेन असले की नेमसर्व्हर बदलून आपण दुसरीकडे जाऊ शकतो, आणि भाऊबंदांना दिलेला दुवा तोच राहतो.

येथे अनेकजण एक मधला मार्ग काढतात. डकडीएनएससारख्या सेवेवर मोफत उपनाव घ्यायचे आणि आपल्या डोमेनची सीनेम नोंद, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद, त्या उपनावाकडे वळवायची. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेल्या नावासाठी हे चालते. नुसत्या डोमेनसाठी चालत नाही, कारण ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरी कोणतीही नोंद असू नये असा डीएनएसचा १९८७ पासूनचा नियम आहे, आणि डोमेनच्या मूळ नावावर नेमसर्व्हरच्या नोंदी असाव्याच लागतात. काही कंपन्या यातून आपापल्या क्लृप्तीने वाट काढतात. डीसेकमध्ये त्याची गरजच पडत नाही, कारण तेथे मूळ डोमेनची ए आणि एएएए, म्हणजे अनुक्रमे जुन्या आयपीव्ही४ आणि नव्या आयपीव्ही६ पद्धतीच्या पत्त्याची, नोंदच थेट बदलता येते. माझ्या निवडीचे पहिले कारण हेच होते.

मांडणी सोपी आहे, परंतु क्रम पाळावा लागतो. डीसेकवर खाते उघडायचे, त्यात आपले डोमेन जोडायचे, मग डोमेन जेथून विकत घेतले त्या कंपनीच्या पानावर जाऊन नेमसर्व्हर म्हणून डीसेकने दिलेली दोन नावे भरायची. त्यातील एक डॉट आयओखाली आणि दुसरे डॉट ऑर्गखाली आहे, म्हणजे एका टोकाच्या डोमेनमध्ये बिघाड झाला तरी दुसरे उत्तर देऊ शकेल, ही काळजी मला आवडली. त्यानंतर डीसेक आपल्याला डीएस नोंद, म्हणजे स्वाक्षरीच्या किल्लीची ओळख, दाखवते, तीही विक्रेत्याकडे नोंदवायची. ही नोंद केल्याशिवाय स्वाक्षरीची साखळी पूर्ण होत नाही. माझ्या विक्रेत्याच्या पानावर डीएस भरण्याची जागाच नव्हती, म्हणून मला मदत विभागाला दोन वेळा लिहावे लागले, आणि पहिल्या उत्तरात त्यांनी नेमसर्व्हर कसे बदलावेत हेच समजावून सांगितले. डोमेन घेण्यापूर्वीच ही सोय आहे का ते पाहून घ्यावे. डीएसविनाही संकेतस्थळ चालते, पण मग डीसेकच्या सर्वांत मोठ्या गुणाचा लाभ मिळत नाही.

घरातील पत्ता बदलला की कळवण्याचे काम माझ्याकडे एक छोटी स्क्रिप्ट करते. ती दर पाच मिनिटांनी चालते, सध्याचा पत्ता मागच्या वेळी टिपून ठेवलेल्या पत्त्याशी ताडून पाहते आणि फरक असेल तरच डीसेकला कळवते. वापरकर्त्याचे नाव म्हणून डोमेन आणि गुप्त शब्द म्हणून टोकन, म्हणजे खात्यातून बनवून घेतलेली वेगळी गुप्त किल्ली, पाठवायचे, एवढाच मजकूर असतो, आणि सारे ठीक झाले की 'गुड' असे एका शब्दाचे उत्तर येते. ज्यांना स्क्रिप्ट लिहायची नाही त्यांना डीडीक्लायंट हा जुना आणि भरवशाचा प्रोग्रॅम वापरता येईल. फरक नसताना उगाच कळवत राहू नये, कारण एका डोमेनसाठी मिनिटाला एकाहून अधिक वेळा कळवलेले बदल सेवा नाकारते, आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेवर निष्कारण भार टाकणे मला स्वतःलाही योग्य वाटत नाही.

या टोकनविषयी थोडे थांबून सांगतो, कारण बहुतेक सेवांमध्ये ही काळजी घेतलेली आढळत नाही. खात्याचा मुख्य परवलीचा शब्द घरातील संगणकावर ठेवणे म्हणजे घराच्या किल्लीसोबत तिजोरीचीही किल्ली दाराला लटकवण्यासारखे आहे. डीसेकमध्ये एकाच डोमेनपुरते, एकाच उपनावापुरते आणि एकाच प्रकारच्या नोंदीपुरते मर्यादित टोकन बनवता येते. माझ्या संगणकावरील टोकन केवळ ए आणि एएएए नोंदी बदलू शकते. उद्या कोणी त्या संगणकात शिरले आणि टोकन चोरले, तरी त्याला माझ्या टपालाच्या (ई-मेलच्या) नोंदी वळवता येणार नाहीत किंवा डोमेनच पुसून टाकता येणार नाही. खात्याला दुहेरी पडताळणीचीही सोय आहे, आणि ती चालू करून ठेवावी.

या रीतीने कळवलेल्या पत्त्यांचा टीटीएल ६० सेकंदांचा असतो. म्हणजे जगभरातील शोधक, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारे, सर्व्हर हा पत्ता जास्तीत जास्त एक मिनिट लक्षात ठेवतात आणि मग पुन्हा विचारतात. माझी पाच मिनिटांची फेरी आणि हे एक मिनिट मिळून, पत्ता बदलल्यावर संकेतस्थळ सहा-सात मिनिटांत पुन्हा उघडते. हाताने घातलेल्या इतर नोंदींचा टीटीएल मात्र साधारणपणे किमान ३६०० सेकंद ठेवावा लागतो. त्यामुळे टपालाची नोंद चुकीची लिहिली गेली तर ती चूक जगात तासभर तरी टिकून राहते, तेव्हा तेथे सावकाश आणि दोनदा वाचून लिहावे.

येथपर्यंतचे सारे एका अटीवर अवलंबून आहे, आणि ती अट डीसेकच्या हाती नाही. राऊटरला मिळालेला पत्ता बदलता का असेना, तो सार्वजनिक असायला हवा. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि आशिया-प्रशांत विभागाचा नेहमीचा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. त्यानंतर अनेक पुरवठादारांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरे बसवण्याची पद्धत स्वीकारली. तिला सीजीनॅट म्हणतात. चाळीला एकच टपालपेटी असावी आणि बाहेरून येणाऱ्या पत्रावर खोलीचा क्रमांकच लिहिता येऊ नये, तशी ही स्थिती असते. घरातून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही, आणि डायनॅमिक डीएनएसची कोणतीही सेवा त्यावर उपाय करू शकत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. राऊटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा जो पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, कारण २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवला आहे. काही पुरवठादार १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात. शंका असेल तर 'माझा पत्ता कोणता' हे सांगणाऱ्या एखाद्या पानावरील पत्ता आणि राऊटरवरील पत्ता जुळतात का ते पाहावे.

माझ्या घरी ते जुळले नाहीत. पुरवठादाराचा जो तरुण पाहणीसाठी आला, त्याने अतिशय नम्रपणे सांगितले, "काका, पब्लिक आयपी पाहिजे असेल तर स्टॅटिकच घ्यावा लागेल, त्याचे वर्षाचे वेगळे पैसे होतात." मी त्याला म्हटले, "मला कायमचा पत्ता नकोच आहे. रोज बदलला तरी चालेल, फक्त तो माझ्या राऊटरचा स्वतःचा असला पाहिजे." हा फरक त्याच्या लक्षात आला, पण कार्यालयातील अर्जावर अशी निवडच नव्हती. तीन आठवडे आणि चार फोन झाल्यावर तेथील एका जाणकार अभियंत्याने माझी जोडणी सार्वजनिक पत्त्यांच्या गटात हलवली. ही विनंती सर्वत्र मान्य होईलच असे नाही, म्हणून डोमेन घेण्याआधी ही चौकशी करावी, उलट्या क्रमाने करू नये. शिवाय आपल्या योजनेच्या अटींमध्ये घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवण्यास मनाई आहे का, हेही त्याच वेळी वाचून घ्यावे.

आयपीव्ही६ ची गोष्ट निराळी आहे. भारतात, विशेषतः मोबाइलवर, त्याचा प्रसार मोठा झाला आहे, आणि माझ्या घरीही आयपीव्ही४ च्या सार्वजनिक पत्त्यासाठी खटपट चालू असताना आयपीव्ही६ पहिल्या दिवसापासून मिळत होते. त्यात सीजीनॅटचा प्रश्न येत नाही, कारण घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. पण याच कारणामुळे आयपीव्ही४ ची सवय येथे दगा देते. आयपीव्ही४ मध्ये साऱ्या घराचा एकच पत्ता, म्हणून तो राऊटरने कळवला तरी चालतो. आयपीव्ही६ मध्ये राऊटरने स्वतःचा पत्ता कळवला, तर पाहुणे राऊटरच्या दाराशी येऊन उभे राहतील, संग्रहाच्या संगणकापर्यंत पोहोचणार नाहीत. त्यामुळे कळवणारी स्क्रिप्ट ज्या संगणकावर संकेतस्थळ आहे त्याच संगणकावर चालली पाहिजे.

त्यातही एक बारकावा आहे, आणि त्याने माझे दोन दिवस घेतले. रोजच्या वापराच्या संगणक प्रणाली गोपनीयतेसाठी आयपीव्ही६ चे तात्पुरते पत्ते बनवतात आणि बाहेर जाताना तेच वापरतात. डीसेकला पत्ता लिहून न देता नुसती विनंती पाठवली, तर ती ज्या पत्त्यावरून आली तोच पत्ता नोंदवला जातो. माझ्या बाबतीत तो तात्पुरता पत्ता होता. दुसऱ्या दिवशी संगणक नव्या तात्पुरत्या पत्त्यावरून बोलू लागला, आणि जुना आणखी थोड्या काळाने कालबाह्य झाला. पुरवठादाराने काहीच बदललेले नसताना संकेतस्थळ का बंद पडते, हे मला कळेना. उपाय दोन आहेत. संगणकावर तात्पुरते पत्ते बंद करावेत, किंवा स्क्रिप्टने स्थिर पत्ता शोधून तो विनंतीत स्पष्ट लिहावा. मी पहिला निवडला, कारण हा संगणक सर्व्हर म्हणूनच ठेवला आहे आणि त्याला लपण्याचे कारण नाही. राऊटरच्या अग्निभिंतीत (फायरवॉलमध्ये) त्या एका संगणकासाठी आयपीव्ही६ चे ४४३ हे पोर्ट, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळाचे दार, उघडावे लागले, तेही विसरू नये.

दोन्ही प्रकारचे पत्ते कळवणाऱ्यांनी डीसेकचे आणखी एक वागणे ध्यानात ठेवले पाहिजे. विनंतीत एकाच प्रकारचा पत्ता असेल, तर दुसऱ्या प्रकारची नोंद या घराला लागू नाही असे समजून ती काढून टाकली जाते. म्हणजे केवळ आयपीव्ही४ बदलला म्हणून केवळ तोच कळवला, तर एएएए नोंद नाहीशी होते. दुसरी नोंद आहे तशी राहावी असे वाटत असेल, तर पत्त्याच्या जागी 'प्रिझर्व्ह' हा शब्द लिहायचा असतो. मार्गदर्शक पानांवर हे स्पष्ट दिले आहे, मी ते उशिरा वाचले. या पद्धतीमागचे तर्कशास्त्र मला पटते, कारण मृत पत्ता नोंदीत राहण्यापेक्षा तो नसलेला बरा. तरीही नवख्या माणसाला हा शब्द पहिल्याच उदाहरणात दिसला असता तर अधिक उपयोग झाला असता.

संकेतस्थळाच्या कुलपासाठी (एचटीटीपीएससाठी) लागणारे प्रमाणपत्र मी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेकडून घेतो. नेहमीच्या पद्धतीत ८० हे पोर्ट बाहेरून उघडे असावे लागते, आणि काही पुरवठादार घरगुती जोडणीवर तेच बंद ठेवतात. डीएनएसमध्ये एक टेक्स्ट नोंद लिहून मालकी सिद्ध करण्याची दुसरी पद्धत आहे. डीसेकमध्ये तिच्या एपीआयद्वारे, म्हणजे प्रोग्रॅमांनी परस्पर बोलण्याच्या सोयीने, ती नोंद आपोआप लिहिता येते, आणि प्रमाणपत्रे आणणाऱ्या प्रचलित प्रोग्रॅमांमध्ये डीसेकसाठीची सोय आहे. त्यामुळे ८० बंद असले तरी अडत नाही, आणि एकाच प्रमाणपत्रात सारी उपनावे सामावून घेणेही शक्य होते. प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते, त्याचे नूतनीकरण माझ्या हस्तक्षेपाशिवाय होते आहे.

पहिल्या दिवशी मात्र सारे जुळवूनही घरातून संकेतस्थळ उघडेना, आणि मी तासभर डीसेकच्या नोंदीच तपासत बसलो. दोष तेथे नव्हता. घरातून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर परत येणारी विनंती अनेक राऊटर आत वळवत नाहीत. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिले तेव्हा पान लगेच उघडले. चाचणी नेहमी घराबाहेरच्या जोडणीवरूनच करावी.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जुलैच्या एका दिवशी वीज चार वेळा गेली, आणि तेव्हा राऊटर इन्व्हर्टरवर नसल्यामुळे प्रत्येक वेळी नवा पत्ता मिळाला. संध्याकाळी नोंदवही पाहिली तर चारही वेळा बदल पहिल्याच विनंतीत स्वीकारला गेला होता. बडोद्याच्या चुलत बहिणीने त्याच दुपारी पणजोबांचे एक पत्र उतरवून घेतले आणि मध्ये एकदा पान थोडा वेळ अडकले, एवढेच तिला जाणवले. त्यानंतर मी राऊटर, फायबरची पेटी आणि संगणक ही तिन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर घेतली. या नऊ महिन्यांत डीसेकच्या नेमसर्व्हरनी उत्तर दिले नाही म्हणून संकेतस्थळ बंद राहिल्याचे एकदाही घडले नाही. बंद राहिले ते माझ्या चुकांमुळे, विजेमुळे किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्यामुळे.

सुरक्षिततेबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण डोमेन हाती आल्याच्या आनंदात हा भाग मागे राहतो. डीसेक केवळ नावाचे उत्तर देते, मधे उभी राहून आपले रक्षण करत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. आपल्या घराचा पत्ता जगाला उघड दिसतो. शिवाय घेतलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये प्रसिद्ध होते, त्यामुळे नवे नाव जन्माला आल्याचे दार ठोठावणाऱ्या यंत्रांना लगेच कळते. माझ्या नोंदवहीत पहिल्याच रात्री परक्या विनंत्या आल्या होत्या. केवळ ४४३ उघडे ठेवावे, राऊटरचे व्यवस्थापनाचे पान बाहेरून दिसू देऊ नये, दूरस्थ प्रवेशासाठी परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली वापरावी, आणि प्रणालीची अद्यतने टाळू नयेत. संग्रहाची दुसरी प्रत मी घराबाहेर, पुण्याला भावाकडे डिस्कवर ठेवली आहे.

टपाल मात्र घरून चालवण्याचा विचारही करू नये. बदलत्या पत्त्याची उलट नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, आपल्या हाती नसते, घरगुती पत्त्यांचे पट्टे टपाल नाकारण्याच्या याद्यांमध्ये आधीच असतात, आणि २५ हे पोर्ट बहुधा बंदच असते. डोमेनचे टपाल मी एका टपालसेवेकडे दिले आहे आणि डीसेकमध्ये केवळ त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत.

आता उणिवा. सेवेचे पान आणि मार्गदर्शन इंग्रजीत आहे, आणि त्याची भाषा डीएनएस जाणणाऱ्याला उद्देशून आहे. सीनेम, डीएस, टीटीएल हे शब्द ज्याला पूर्ण नवे आहेत त्याला पहिला दिवस कठीण जाईल. फोन करून विचारावे असे कोणी नाही. मोठ्या कंपनीइतकी मनुष्यबळाची हमी ना-नफा संस्थेकडून अपेक्षिणे रास्त नाही, पण ज्याचा व्यवसाय संकेतस्थळावर चालतो त्याने हे लक्षात घ्यावे. ज्याला सार्वजनिक आयपीव्ही४ मिळतच नाही आणि आयपीव्ही६ ही नाही, त्याला डीसेकचा उपयोग नाही. त्याच्यासाठी क्लाउडफ्लेअरची टनेल सेवा, जी २०२१ पासून मोफत आहे, अधिक योग्य ठरेल, कारण तिच्यात घरातील संगणक स्वतः बाहेर जोडणी करतो आणि पाहुणे तिच्यातून आत येतात. त्या मार्गाने घराचा पत्ताही झाकला जातो. पण तेथे कुलूप कंपनीच्या दारातच उघडते, म्हणजे पाहुण्याची आणि आपली देवाणघेवाण मधल्या ठिकाणी वाचता येण्याजोगी असते. घराण्याच्या खासगी कागदांसाठी मला ते नको होते. कुणाला केवळ घरातील कॅमेरा किंवा एखादी डिस्क पाहायची असेल, स्वतःचे डोमेन नसेल, तर डकडीएनएस पुरेसे आहे आणि पाच मिनिटांत जुळते. स्वतःचे डोमेन, बदलता पण सार्वजनिक पत्ता आणि थोडे वाचण्याची तयारी या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला मी डीसेक निःसंकोच सुचवतो. पाचपैकी साडेचार गुण देताना अर्धा गुण मी नवख्यांसाठीच्या मार्गदर्शनाचा कापला आहे. माझ्या डोमेनच्या वार्षिक शुल्काइतकी रक्कम मी दर वर्षी संस्थेला देणगी म्हणून द्यायचे ठरवले आहे.

सोडून जाण्याची वाटही मी तपासून पाहिली, कारण ती नसलेल्या ठिकाणी मी काहीच ठेवत नाही. एपीआयमधून डोमेनच्या साऱ्या नोंदी एका झोन फाइलमध्ये उतरवून घेता येतात, आणि ती फाइल दर महिन्याला माझ्या डिस्कवर येऊन पडते. नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी विक्रेत्याकडील डीएस नोंद आधी काढावी आणि तिचा काळ उलटू द्यावा, नाही तर नव्या ठिकाणची स्वाक्षरी जुन्या डीएसशी न जुळल्यामुळे स्वाक्षरी तपासणाऱ्या शोधकांना संपूर्ण डोमेनच दिसेनासे होते. माझ्या पुरवठादाराने उद्या मला पुन्हा सीजीनॅटमागे बसवले, तर डीसेकमधील केवळ ए नोंद काढावी लागेल. मोबाइलवरून पाहणाऱ्या बहुतेक भाऊबंदांना आयपीव्ही६ वरून संग्रह तेव्हाही उघडेल, आणि बडोद्याच्या बहिणीच्या कार्यालयात अजून आयपीव्ही४ च आहे, तिला तोपर्यंत घरी जाऊन वाचावे लागेल.